उपज कुणाची?

माझ्याकडे एक कॅसेट आहे. १९७३ सालच्या एका बैठकीची, विदर्भातल्या एका गावच्या वाड्यातली. साधारण बाराव्या मिनिटाला गाणाऱ्या बाई थांबतात आणि कुणाला तरी म्हणतात, “ते बंद करा.” यानंतर बटण बंद झाल्याचा ‘खट’ असा आवाज यायला हवा. तो येत नाही. कापड ओढल्यासारखी खसखस होते, आवाज जरासा दबतो आणि गाणं पुढे चालू राहतं. आणखी जवळपास पाऊण तास.

ही कॅसेट इंटरनेटवर टाकावी की टाकू नये, एवढाच माझा प्रश्न आहे. दीड वर्ष झालं, तो सुटत नाहीये. म्हणून तुमच्यापुढे मांडते.

*

आधी मी या कॅसेटपर्यंत कशी पोहोचले ते सांगायला हवं, कारण सरळ वाटेने नाही पोहोचले. मी वर्ध्याची. आमच्या घरी कुणी गाणारं नव्हतं. शास्त्रीय संगीत म्हणजे रेडिओवर लागलं की कुणीतरी उठून बंद करायचं ते, एवढीच ओळख. मी इटलीवरून फिरून घरी आले.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी वर्ध्यात अडकले होते. मे महिना, रात्री साडेअकरालाही गच्चीची फरशी तापलेली. हातात मोबाइल. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची ती शिट्टीची धून तुम्हाला माहीत असेल. ती ऐकत असताना तिचा संगीतकार एन्निओ मॉरिकोने याच्याबद्दल वाचत गेले आणि एक विचित्र गोष्ट कळली. हा माणूस सिनेमाला संगीत देता देता रोममधल्या एका गटात ट्रम्पेट वाजवत होता. फ्रँको एव्हांजेलिस्टी या संगीतकाराने १९६४ मध्ये काढलेला हा गट, नाव ‘नुओवा कोन्सोनान्त्सा’. सगळे स्वतः संगीतकार, म्हणजे कागदावर स्वर लिहून दुसऱ्याकडून वाजवून घेणारे लोक. इथे मात्र कुणीच काही लिहायचं नाही. जमायचं आणि त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं.

त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा मला वाटलं, मोबाइलचा स्पीकर गेला. दार करकरल्यासारखे आवाज, पियानोच्या आतल्या तारा खरवडलेल्या, ट्रम्पेटमधून नुसता श्वास. बंद केलं. दुसऱ्या दिवशी परत लावलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की यातला प्रत्येक जण दुसऱ्याचं फार कान देऊन ऐकतोय. एकाने आवाज काढला की दुसरा त्याला जागा करून देतोय. मग मी गुंतलेच.

पुढची दोन वर्षं मी जमवत गेले. मिलानमधून १९७५ मध्ये सुरू झालेलं ‘ब्लॅक सेंट’ आणि १९७९ मध्ये त्याला जोडून आलेलं ‘सोल नोट’, या दोन छोट्या लेबलांनी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांना नको असलेले जॅझ वादक इटलीत रेकॉर्ड केले. रोमचं ‘होरो’ हे सत्तरच्या दशकातलं लेबल. त्याच्या कित्येक तबकड्या पुढे बाजारात दिसेनाशा झाल्या. नुओवा कोन्सोनान्त्साची १९७० ची ‘द फीड-बॅक’ ही मूळ तबकडी मिळवायला जगभरचे शौकीन धडपडतात. माझी ऐपत तबकड्यांची नव्हती. कुणीतरी कुठेतरी चढवलेल्या फायली मी उतरवून घ्यायची. एक टीबीची हार्ड डिस्क घेतली. देश, लेबल, साल असे फोल्डर. रात्री झोपण्यापूर्वी आज काय नवीन मिळालं ते मोजायचं.

एकदा खरोखरच मोजलं. अकराशे चाळीस अल्बम. त्यातले पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेले किती, तर दोनशेसुद्धा नाहीत.

*

मी जिथे वाढले तिथे या गोष्टीला नाव आहे. सेवाग्रामच्या शाळेच्या सहलीला गेलेल्या कुठल्याही मुलाला एकादश व्रतं कानावरून गेलेली असतात. त्यात अस्तेय आणि असंग्रह ही दोन्ही येतात: चोरी करू नये, साठवू नये. लहानपणी ती आम्ही पाढ्यासारखी म्हणायचो. मोठेपणी ‘मंगल प्रभात’ हातात आलं. येरवड्याच्या तुरुंगातून १९३० साली गांधीजींनी आश्रमवासीयांना लिहिलेली ती पत्रं. त्यांचा अस्तेयाचा अर्थ फार अडचणीचा आहे. मालकाच्या परवानगीने घेतलेली वस्तूसुद्धा आपल्याला गरजेची नसेल तर ती चोरीच, असं ते म्हणतात. पुढे जाऊन हा नियम वस्तूंपुरता ठेवत नाहीत. डोक्यात निरुपयोगी ज्ञान भरून ठेवणं हाही त्यांच्या लेखी परिग्रहच.

अकराशे चाळीस अल्बम. परवानगीही नव्हती आणि गरजही नव्हती. माझा एकाच हार्ड डिस्कमध्ये दोन व्रतांचा निकाल लागला होता.

पण मला जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. हे संगीत साठवायचं होतंच का? आपल्याकडे गाणाऱ्यांच्या बोलण्यात ‘उपज’ असा शब्द येतो. ठरवून न आणता गाता गाता जे उगवतं ते. एरिक डॉल्फी हा अमेरिकन वादक २९ जून १९६४ रोजी बर्लिनमध्ये वारला, त्याच्या चार आठवडे आधी हॉलंडमध्ये ‘लास्ट डेट’ ही तबकडी ध्वनिमुद्रित झाली. तिच्या शेवटी त्याचा बोलण्याचा आवाज ठेवलाय. तो म्हणतो त्याचा आशय असा की, संगीत संपलं की हवेत विरतं, पुन्हा पकडता येत नाही. हे वाक्य मी वीसेक वेळा तरी ऐकलं असेल. वीस वेळा ऐकता आलं, कारण कुणीतरी ते पकडून ठेवलं होतं!

आणि आमच्या गावापासून काही किलोमीटरवर पवनारला राहिलेले विनोबा. तरुणपणी ते कविता करत. एकेका कवितेवर बराच वेळ घालवायचे आणि ती मनासारखी जमली की अग्नीला द्यायचे. काशीला गेल्यावर गंगेत सोडायचे. न जमलेली फाडून टाकतात ते कुणालाही समजेल. जमलेली जाळायची, हे मला कधीच झेपलेलं नाही. पण उपजेशी सगळ्यात प्रामाणिक कोण राहिलं असं विचारलं तर तेच. करण्यातच सगळं आलं, ठेवायला काही उरत नाही.

तर मग रेकॉर्डिंग करणं हेच मुळात चूक? इतक्या सहज मला हे मान्य करता येत नाही, कारण असंग्रहाचं व्रत घेतलेल्या याच गांधीजींनी वर्ध्यात ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. शब्द बघा. संग्रहालय. मगनवाडीत खादी आणि ग्रामोद्योगाची अवजारं, नमुने मांडलेली ती जागा. मी लहानपणापासून तिच्यावरून येजा केलीय, पण यातला पेच कधी डोक्यात आला नव्हता. साठवू नये असं सांगणारा माणूस साठवणीची जागा उघडतो. आणि १९३१ साली लंडनमध्ये कोलंबिया कंपनीला स्वतःचा आवाजही तबकडीवर घेऊ देतो.

मला यातून निघालेला अर्थ साधा आहे. संग्रहाचा दोष वस्तूंच्या संख्येत शोधू नये, दाराकडे बघावं. मगन संग्रहालयातला चरखा ठेवलाय तो कुणीतरी येऊन बघावा, शिकावं, घरी जाऊन तसा करावा म्हणून. माझ्या हार्ड डिस्कला दार नव्हतं. त्या अकराशे चाळीस अल्बममधला एकही मी कुणाला कधी ऐकवला नव्हता.

*

दार उघडं ठेवण्याच्या बाजूने सगळ्यात मोठी साक्ष केसरबाई केरकरांची. गोव्यातल्या केरीच्या. अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतलेली. गाणं पसरायला त्यांना ऐसपैस वेळ लागायचा आणि तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. आपलं गाणं कुठे, कसं आणि कुणी ऐकावं याबद्दल त्या फार कडक असत. मागे राहिलेलं ध्वनिमुद्रण त्यांच्या गाण्याच्या मानाने थोडकं आहे.

१९७७ मध्ये ‘नासा’ने व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवायचं ठरवलं. त्यातल्या सत्तावीस रचनांमध्ये लुई आर्मस्ट्राँगचा जॅझ आहे आणि केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, हीसुद्धा आहे. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी ती सुचवली. पण तबकडी मिळेना! अॅन ड्रुयान यांनी शोधाशोध केली आणि शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती सापडली. न खपलेली, धूळ खात पडलेली. दुसरं यान ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलं. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

त्या दुकानदाराने जुना माल म्हणून ती तबकडी टाकून दिली असती तर? आपल्या भाषेच्या मुलखातला तो आवाज आज सूर्यमालेच्या पल्याड चाललाय, कारण कुणीतरी एक वस्तू फेकली नाही. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांना एकत्र आणत आलीय. ही मंडळी जमतात, तबकडी लावतात, सगळे मिळून ऐकतात, त्याबद्दल लिहून ठेवतात. अशा लोकांना मी कुठल्या तोंडाने परिग्रही म्हणू?

तर इथपर्यंत माझं उत्तर पक्कं झालं होतं. ठेवा, पण वाटा. दडवून ठेवलेलं गाणं ही चोरी, वाटलेलं गाणं ही सेवा. अपलोड हे बटण म्हणजे आजचं संग्रहालयाचं दार.

मग ती कॅसेट आली.

*

आमच्या गल्लीत एक काका राहायचे. पोस्टातून निवृत्त झालेले. तरुणपणी विदर्भात कुठे बैठक असली की हे टेपरेकॉर्डर घेऊन हजर. २०२२ मध्ये मी त्यांना मोबाइलवर नुओवा कोन्सोनान्त्सा ऐकवलं, थोडं थट्टेनेच. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, “हे तं आलापी करून राह्यले. सूर सापडून नाही राह्यला, पन शोधून राह्यले ना बाप्पा.” माझी अडीच वर्षांची इटालियन साधना त्यांनी एका वाक्यात घरी आणली. त्या दिवसापासून सुट्टीत घरी गेले की मी संध्याकाळी त्यांच्याकडे असायची. ते कॅसेट लावायचे, मी ऐकायची.

ती १९७३ ची कॅसेट त्यांनी मला एकदाच ऐकवली. “ते बंद करा” नंतरची खसखस म्हणजे त्यांचं उपरणं. मशीन बंद करायचं सोडून त्यांनी वरून उपरणं टाकलं होतं. पन्नास वर्षांत ही कॅसेट त्यांनी कुणालाही दिली नव्हती, देवाणघेवाणीतसुद्धा नाही. मी कारण विचारलं. म्हणाले, “चोरी केली मी, पोरी. आता नसती केली तं काय राह्यलं असतं, थेही खरं. पन चोरीचा माल वाटला म्हनून का दान होते का?”

पुढच्या वर्षी काका गेले. त्यांच्या मुलाने तीन खोके माझ्या हवाली केले. “तुलाच यातलं कळतं,” म्हणाला. सर्वांत वरती ती कॅसेट होती.

*

आता दोन्ही बाजू मांडते. तुम्ही ठरवा.

टाकावी, याची कारणं खूप आहेत. बाई आता हयात नाहीत. त्यांचं दुसरं इतकं लांब गाणं माझ्या माहितीत कुठे उपलब्ध नाही. कॅसेटची फीत ठिसूळ होत चाललीय. कायदाही फारसा आडवा येत नाही. आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क मान्य झाला, आज त्याची मुदत पन्नास वर्षांची आहे. १९७३ मध्ये पन्नास मिळवा. हिशोब संपला.

आणि त्या गाण्यात काय आहे म्हणून सांगू! विसाव्या मिनिटाच्या आसपास बाई एका स्वराशी काहीतरी करू बघतात. समेला येताना चुकतात. स्वतःच हसतात. तबलजीही हसतो. परत निघतात, तिथेच जातात, परत चुकतात. तिसऱ्यांदा जातात आणि ती जागा अशी काही उघडते की खोलीतल्या माणसांचा एकदम श्वास ऐकू येतो. दाद नाही, श्वास. इतकी उपज मी अकराशे चाळीस अल्बममध्ये ऐकली नाही.

आणि नेमकं इथेच माझं पक्कं झालेलं उत्तर ढिलं पडतं. मशीन चालू आहे असं माहीत असतं तर त्या अशा दोनदा चुकल्या असत्या का? मला नाही वाटत. आपलं ऐकतायत ती एवढीच चाळीस-पन्नास माणसं, सगळी ओळखीची, आणि हे या खोलीबाहेर जाणार नाही, या भरवशावर त्या त्या जागेत तीनदा उतरल्या. म्हणजे जे मला वाटून टाकायचंय ते निर्माणच झालं त्यांनी मागितलेल्या आडोशामुळे. आडोसा मोडून ते वाटायचं?

रोममधले ते लोकही तालमी ध्वनिमुद्रित करायचे. पण त्या स्वतःच ऐकायला, चिकित्सा करायला. काय बाहेर जाईल ते त्यांच्या हातात होतं. ‘द फीड-बॅक’मध्ये आपण जे ऐकतो ते त्यांनी द्यायचं ठरवलेलं आहे. केसरबाईंनीही तबकडीसाठी गायलं ते जाणूनबुजून, साडेतीन मिनिटांचा सौदा मान्य करून. व्हॉयेजरवरची भैरवी लांब गेली, पण ती मुळात दिलेली होती. या बाईंनी दिलं नाही. नुसतं दिलं नाही असंही नाही, देणार नाही असं तोंडाने सांगितलं. ते सांगणंसुद्धा त्याच फितीवर आहे.

माझे मित्र म्हणतात, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? कला समाजाची असते. मला हे वाक्य पूर्वी फार आवडायचं. आता त्यात एक गडबड दिसते. कला समाजाची असेल, पण ती करणारा माणूस समाजाच्या मालकीचा होत नाही. ‘बंद करा’ म्हणण्याचा हक्क काढून घेतला तर उद्या कुणीही, कुठल्याही खोलीत, चुकायला धजावणार नाही. आणि आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको. गाणारी, नाचणारी, नुसती हसणारी मुलगी समोर दिसली की आधी आपला मोबाइल वर जातो. तिला विचारायचं असतं, हे आठवतं ते नंतर.

*

गेल्या डिसेंबरात मी एक गोष्ट केली. बाईंच्या एक शिष्या हयात आहेत असं कळलं. वय पंच्याऐंशीच्या पुढे. गाणं सुटलंय, ऐकू मात्र स्वच्छ येतं. कॅसेट आणि जुना प्लेअर घेऊन त्यांच्याकडे गेले. आधी सगळी हकिगत सांगितली, उपरण्यासकट. मग लावली.

“ते बंद करा” आलं तेव्हा त्या हसल्या. “अश्शाच म्हणायच्या.” विसाव्या मिनिटाची ती जागा आली तेव्हा त्यांनी हात वर केला. मी थांबवलं. “मागे घे.” घेतलं. तीनदा मागे घ्यायला लावलं. तिसऱ्यांदा त्या बाईंच्या पाठोपाठ बारीक आवाजात तिथे गेल्या. आवाज फाटलेला होता, पण जागा सापडली. “हे मला शिकवलंन नाही कधी,” म्हणाल्या. कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही.

संपल्यावर मी विचारलं, “आजी, सगळ्यांसाठी टाकू का हे इंटरनेटवर?”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्यांनी बंद करा म्हटलं होतं ना?”

“हो.”

“मग?”

मी कॅसेट पिशवीत ठेवली. दारापर्यंत आले तेव्हा त्यांनी हाक मारली. “संक्रांतीनंतर माझी नात येणार आहे. गाते ती. तेव्हा ये परत. हे घेऊन ये.”

संक्रांतीनंतर मी गेले. नात माझ्याच वयाची. आम्ही तिघींनी मिळून ऐकलं. ती जागा नातीने घेतली, चुकली, हसली. माझा मोबाइल पर्समध्ये होता, तिथेच राहिला.

*

हा निकाल आहे असं मी म्हणणार नाही. फीत उद्या तुटली तर? म्हणून तिची एक डिजिटल प्रत करून मी दोन ठिकाणी ठेवलीय, एक माझ्याकडे आणि एक आजींच्या घरी. ती केली तेव्हाही काकांची चोरी मी पुढे नेतेय का, असं वाटलंच. कदाचित नेतेय. पण मला आता असं वाटतं की काही संग्रहांचं दार सताड उघडं नसावं, बंदही नसावं. कुणीतरी दार वाजवावं, आतल्या माणसाने कोण आलंय ते बघावं, मग आत घ्यावं. घराण्यांमध्ये विद्या अशीच गेलीय. त्या पद्धतीने पुष्कळ लोकांना बाहेरही ठेवलं, अन्यायही केले, हे विसरून चालणार नाही. म्हणून दार वाजवणाऱ्याला जात, घराणं, पैसा असलं काही विचारायचं नाही, एवढं मी ठरवलंय. फक्त बसून पूर्ण ऐकशील का, एवढंच विचारायचं.

हार्ड डिस्क मात्र रिकामी करायला घेतलीय. नियम सोपा: जे पूर्ण ऐकलं ते राहील. ज्यांचे वादक हयात आहेत आणि जे विकत मिळतं, ते हळूहळू विकत घेतेय. महिन्याला एक, जास्त परवडत नाही. आता एकशे सत्याऐंशी अल्बम उरलेत.

वर्ध्याला कधी आलात तर कळवा. ती कॅसेट मी पाठवणार नाही, लिंकही देणार नाही. गच्चीवर सतरंजी टाकू आणि ऐकू. एक तास लागेल. मोबाइल खाली ठेवून यायचं.